झाकली मूठ, उघडी दारं : ‘ला रेग्ल द्यु झ्यू’विषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ज्याँ रन्वार यांच्या १९३९ सालच्या ‘ला रेग्ल द्यु झ्यू’ या फ्रेंच चित्रपटाचा परिचय छापला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. ज्यांच्या हाती तो अंक पडला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी. आंद्रे झ्युरिय हा वैमानिक तेवीस तासांत अटलांटिक ओलांडून पॅरिसजवळच्या ल बूर्जे विमानतळावर उतरतो. जिच्यासाठी हे धाडस केलं ती क्रिस्तीन स्वागताला आलेली नाही, हे तो रेडिओच्या माइकवर साऱ्या देशाला ऐकवतो. क्रिस्तीन ही मार्की रोबेर द ला शेने यांची बायको. रोबेरचं स्वतःचं जनव्हिएव नावाच्या बाईशी जुनं प्रकरण आहे. सगळ्यांचा मित्र ऑक्ताव्ह (ही भूमिका खुद्द रन्वार यांची) मध्ये पडतो आणि ही सारी मंडळी सोलोन्य भागातल्या कोलिनिएर या वाड्यावर शिकारीसाठी जमतात. तिथे तळघरात, नोकरांच्या जगात, असाच आणखी एक गुंता चालू असतो: क्रिस्तीनची खास दासी लिझेत, तिचा नवरा शुमाखर (हा रानाचा राखणदार) आणि चोरून ससे धरणारा मार्सो.

नावाचा अर्थ ‘खेळाचे नियम’ असा तुम्ही दिला नाहीत, ‘खेळाचा नियम’ असा दिलात. मुद्राराक्षसाचा विनोद का? — एक वाचक, सातारा

मुद्राराक्षस यावेळी निर्दोष आहे. फ्रेंच नाव एकवचनीच आहे. इंग्रजीत आणताना त्याचं अनेकवचन झालं आणि पुढे बहुतेक भाषांनी तेच उचललं. आम्हाला एकवचन महत्त्वाचं वाटतं, कारण चित्रपटात खरोखर एकच नियम चालतो, आणि मराठीत तो चार शब्दांत सांगता येतो: झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रेमप्रकरण करा, खोटं बोला, दुसऱ्याच्या बायकोला बागेत न्या. पण मूठ उघडू नका. आंद्रे पहिल्या पाच मिनिटांत रेडिओवर मूठ उघडतो. वाड्यात त्याचं स्वागत अगदी प्रेमाने होतं, तरी तो तिथला होत नाही.

सुरुवातीला बोमार्शे यांच्या ‘फिगारोचं लग्न’ या नाटकातल्या गाण्याच्या ओळी येतात. चंचल प्रेमाला नावं ठेवणाऱ्या एकनिष्ठ लोकांनो, प्रेमाला पंख दिलेत ते उडण्यासाठीच ना, असा त्यांचा रोख. त्यासोबतच ‘ही केवळ करमणूक आहे, रीतिभातींचा अभ्यास असल्याचा आमचा दावा नाही’ अशी सूचनाही येते. हा चित्रपटातला पहिला विनोद.

एका ठिकाणी ८० मिनिटांचा, दुसरीकडे १०६ मिनिटांचा चित्रपट दिसतो. कोणता खरा? — एक वाचक, ठाणे

१०६ मिनिटांचाच पाहा. याहून छोटी प्रत दिसली तर सरळ सोडून द्या.

कारण समजायला थोडा इतिहास हवा. रन्वार यांनी पहिल्यांदा जोडलेला चित्रपट साधारण ११३ मिनिटांचा होता. वितरकांच्या आग्रहामुळे जुलै १९३९ मध्ये पॅरिसला तो लागण्याआधीच त्यातली वीसेक मिनिटं गेली. प्रेक्षकांनी आरडाओरडा केल्यावर रन्वार यांनी स्वतःच पुन्हा कात्री चालवली आणि तो ८५ मिनिटांच्या आसपास आला. कात्री सगळ्यात जास्त फिरली ती ऑक्ताव्हवर, म्हणजे दिग्दर्शकाच्या स्वतःच्या भूमिकेवर. तिथेच नुकसान झालं. ऑक्ताव्हच्या मनात क्रिस्तीनबद्दल काय आहे हे कापल्यावर शेवटच्या अर्ध्या तासातल्या हालचालींना कारणच उरत नाही. माणसं उगाच धावताहेत असं वाटतं.

मूळ निगेटिव्ह युद्धकाळात दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झालं. पुढे ज्याँ गाबोरी आणि जाक द्युराँ यांनी हक्क मिळवले, प्रयोगशाळांतून सापडलेले दोनशेच्या वर डबे उपसले आणि रन्वार यांच्या सल्ल्याने तुकडे जुळवले. ही प्रत १९५९ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. त्यामुळे एक गंमत झाली आहे: आज आपण पाहतो तो चित्रपट १९३९ च्या पहिल्या खेळाच्या प्रेक्षकांना दिसला त्याहून लांब आहे. ही प्रत निरनिराळ्या दर्जाच्या तुकड्यांतून शिवलेली असल्याने मधूनच एखादा शॉट धूसर किंवा जास्त काळपट दिसतो. तो तुमच्या टीव्हीचा दोष नाही, रंगसंगतीची बटणं दाबत बसू नका.

दोनदा पाहायला बसलो, दोन्ही वेळा अर्ध्या तासात कोण कोणाचं कोण हे हरवलं. काही युक्ती? — एक वाचक, अकोला

तुम्ही एकटे नाही. या चित्रपटात नायक नाही आणि ओळख करून देण्याची सवयही नाही. पहिल्या वीस मिनिटांत विमानतळ, क्रिस्तीनची खोली, रोबेरचं दालन आणि जनव्हिएवचं घर अशी चार ठिकाणं होतात, नि प्रत्येक ठिकाणी लोक अर्धवट वाक्यांत बोलतात.

कागदावर मधोमध एक आडवी रेघ मारा. रेघेच्या वरच्या बाजूला चार नावं: रोबेर, क्रिस्तीन, जनव्हिएव, आंद्रे. रेघेखाली तीन: शुमाखर, लिझेत, मार्सो. ऑक्ताव्हला नेमका रेघेवर ठेवा. तो मार्कीच्या पलंगावर लोळतो आणि लिझेतशी थट्टामस्करीही करतो, पण त्याच्या खिशात दमडी नसते. ही आठ नावं पक्की झाली की पुरे. जनरल, गायकीण, क्रिस्तीनची भाची झाकी, सेंतोबँ वगैरे मंडळी आपोआप कळत जातात.

मग एक काम करा. वरच्या माणसाची खालच्या माणसाशी जोडी लावून पाहा, पण हुद्द्याने लावू नका, स्वभावाने लावा. आंद्रेचा जुळा खाली कोण? शुमाखर. दोघंही सरळ, दोघांनाही प्रेम म्हणजे मालकी वाटते, दोघंही विनोदाला पारखे. रोबेरचा जुळा मार्सो: दोघांनाही भांडण नको, सगळ्या बायका खूश हव्यात. म्हणून तर मार्की या चोराला पकडल्या जागी नोकरीवर ठेवतो आणि रात्रीच्या गोंधळात दोघं व्हरांड्यात उभे राहून बायकांविषयी एकमेकांचा सल्ला घेतात. मार्सो मालकाचा टाय नीट करून देतो. त्या मिनिटभरात वर्गभेद पुसला गेल्यासारखा वाटतो. मालकाने मनात आणलं की तो परत येतो, हे पुढे दिसतंच.

त्यातल्या स्वयंपाक्याने सांगितलेलं बटाट्याचं सॅलड खरोखर तसं करतात का? कृती द्याल? — एक वाचिका, नाशिक

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात आवडला, कारण त्या सॅलडमध्ये सगळा चित्रपट मुरलेला आहे. प्रसंग असा: नोकरांच्या जेवणाच्या टेबलावर मालकाच्या कुळाची उणीदुणी निघतात. मार्कीच्या आईचे वडील रोझेनथाल, थेट फ्रँकफुर्टहून आलेले ज्यू, असं कुणीतरी कुजकटपणे काढतं. त्यावर स्वयंपाकी म्हणतो, मी पूर्वी एका अस्सल खानदानी घरी होतो, तिथे खाण्याच्या नावाने आनंद होता. हा मार्की उपरा असेल, पण त्याने परवा मला बोलावून बटाट्याच्या सॅलडवरून झापलं. बटाटे उकळते गरम असतानाच त्यांवर व्हाइट वाइन ओतायची असते. सेलेस्तँने (हा स्वयंपाकघरातला मदतनीस) ती ओतली नव्हती, कारण त्याला बोटं भाजून घ्यायला आवडत नाही. असला मालक म्हणजे खरा जाणकार!

पाहा, नोकर मालकापेक्षा जास्त कुळाचार पाळतात, द्वेषही त्यांचाच जास्त उघडा आहे, आणि माणसाची किंमत शेवटी ठरते ती सॅलडवरून. मार्कीची भूमिका करणारे मार्सेल दालियो स्वतः ज्यू होते, आणि दोनच वर्षांपूर्वी रन्वार यांच्याच युद्धकैद्यांवरील चित्रपटात त्यांनी रोझेनथाल नावाचंच पात्र केलं होतं. त्या काळच्या पॅरिसच्या प्रेक्षकाला हा टोमणा लगेच लागला असणार.

आता कृती. मार्कीचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. एक किलो बटाटे घ्या, घट्ट राहणारे. नवा बटाटा उत्तम. पिठूळ जुना बटाटा फुटतो आणि सॅलडचा लगदा होतो. सालासकट गार पाण्यात घालून लिटरला दहा ग्रॅम मीठ टाका आणि मंद उकळीवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. कुकर नको, शिट्टीच्या दाबाने साल तडकते नि पाणी आत शिरतं. सुरी सहज आत गेली की निथळा, फडक्यात धरून गरमच सोला, अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या करा. चकत्यांतून वाफ निघत असतानाच कोरडी (म्हणजे गोड नसलेली) व्हाइट वाइन १२० मिलिलिटर दोन वेळा करून शिंपडा. नाशिकचीच सोव्हिन्याँ ब्लाँ चालेल. दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. वाइन तळाशी उरली नसेल तर जमलं. मग दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक लहान चमचा मोहरीची चटणी, मीठ, मिरी आणि सहा मोठे चमचे तेल घुसळून ओता. वर बारीक कांदा आणि पार्सली. तेल कधीही आधी घालायचं नाही. चकतीला तेलाचा थर बसला की वाइन आत शिरत नाही.

सेलेस्तँचं काय चुकलं? बटाटा गार होताना त्यातली शिजलेली खळ पुन्हा आवळते. मग वरून काहीही ओतलं तरी ते तळाला जमतं आणि चकती आतून अळणी राहते. वाइन नको असेल तर तेवढंच गरम भाजीचं पाणी व त्यात एक चमचा व्हिनेगर घ्या. चव वेगळी लागेल, तत्त्व तेच.

त्याच प्रसंगात एका पाहुणीला फक्त समुद्री मीठच हवं असल्याचा निरोप येतो. स्वयंपाक्याचं उत्तर: पथ्य मान्य, लहरी मान्य नाहीत. हे वाक्य आमच्या कचेरीतल्या डबा खाण्याच्या खोलीत लावण्याचा विचार आहे.

मोबाइलवर लघुपट करतो. या चित्रपटात एकाच शॉटमध्ये पुढे दोघं बोलतात, मागे तिसरा दारातून जातो, त्यामागे चौथा पळतो. हे कसं साधलं? मला जमेल का? — एक वाचक, कोल्हापूर

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आधी सोडवून घेऊ: स्पष्टपणा आणि मांडणी.

स्पष्टपणा म्हणजे पुढचं नि मागचं दोन्ही फोकसमध्ये राहणं. त्यासाठी भिंगाचं छिद्र लहान करावं लागतं आणि छिद्र लहान केलं की प्रकाश जास्त लागतो. हिशेब सोपा आहे (आकडा जेवढा मोठा तेवढं छिद्र लहान): छिद्राचा आकडा २ वरून २.८, ४, ५.६ असा तीन पायऱ्या चढवला तर दर पायरीला प्रकाश दुप्पट लागतो, म्हणजे एकूण आठपट. १९३९ सालची फिल्म आजच्या मानाने मंद, त्यामुळे मोठ्या दालनात हे फारच अवघड. रन्वार आणि छायालेखक ज्याँ बाशले यांनी मुद्दाम वेगवान, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी, भिंगं मिळवली. तरीही नीट पाहाल तर मागची माणसं सुरीच्या धारेसारखी स्पष्ट नाहीत, किंचित मऊ आहेत. ओळखू येतील एवढीच. तेवढं पुरतं.

तुमच्या मोबाइलला हे फुकट मिळतं. त्याचा सेन्सर इतका छोटा असतो की दीड-दोन मीटरच्या पुढचं जवळजवळ सगळं स्पष्ट येतं. फक्त ‘पोर्ट्रेट’ किंवा ‘सिनेमॅटिक’ प्रकार बंद ठेवा. तो मागचं मुद्दाम धूसर करतो.

खरी मेहनत मांडणीची. रन्वार यांच्या कलादिग्दर्शकांनी, एजेन लूरिए आणि माक्स दूई यांनी, झ्वँव्हिलच्या स्टुडिओत वाड्याचा अंतर्भाग असा उभारला की एका दालनातून दुसरं, त्यातून लांब व्हरांडा, त्याच्या टोकाला दार. बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी फरशी तर अंतर मोजायची पट्टीच आहे: कोण किती लांब आहे हे एका नजरेत कळतं.

तुम्ही असं करा. किमान दोन दारं एकाच चौकटीत दिसतील अशी जागा शोधा. चाळीची गॅलरी किंवा जुन्या वाड्याची ओसरी-माजघर-परसदार ही ओळ याला सोन्यासारखी. कॅमेरा छातीच्या उंचीवर, भिंतीला काटकोनात न ठेवता थोडा तिरपा. पुढच्या दोघांचं बोलणं आधी बसवा आणि त्यातले शब्द मोजून मागच्यांना खूण द्या: ‘अमक्या शब्दाला तू दारात’. जमिनीवर खडूने थांबायच्या जागा आखा. कॅमेरा न चालवता दहा वेळा तालीम, मग चित्रीकरण.

बहुतेक ठिकाणी हे फसतं ते एकाच कारणाने. मागचा नट आपली पाळी येईपर्यंत नुसता उभा असतो आणि पाळी संपली की पुन्हा पुतळा होतो. प्रत्येकाला त्या शॉटमध्ये स्वतःचं एक काम द्या: कुणी शोधतोय, कुणी लपतोय, कुणाला कपडे बदलायचेत. चित्रपटातल्या मेजवानीच्या रात्री ऑक्ताव्ह अस्वलाच्या पोशाखात अडकलेला असतो आणि भेटेल त्याला तो काढायला सांगत सुटतो. बाकी सगळे आपापल्या भानगडीत. हे एवढं साधं काम त्याला चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यातून जिवंत ठेवतं.

दुसरी चूक म्हणजे कॅमेऱ्याने गडबडीच्या मागे धावणं. इथे कॅमेरा फिरतो, पण तो कुणाचा पाठलाग करत नाही. एकाला सोडून वाटेत भेटलेल्या दुसऱ्याबरोबर चालू लागतो. लग्नघरात आपण करतो तसं.

शिकारीचा प्रसंग बघवला नाही. ती जनावरं खरोखर मारली का? — एक वाचिका, पुणे

हो, खरोखर. आज असं चित्रीकरण होऊ शकणार नाही आणि होऊही नये. लहान मुलांबरोबर पाहत असाल तर ही चारेक मिनिटं पुढे सरकवा.

तरी त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. संपूर्ण चित्रपटात साधारण ३४० शॉट आहेत, म्हणजे सरासरी एकोणीस सेकंदांना एक; त्या काळच्या मानाने लांब. शिकारीत मात्र चार मिनिटांच्या आसपास पन्नासेक शॉट येतात, पाच सेकंदांना एक. जो दिग्दर्शक एरवी तुकडे पाडायचं टाळतो तो इथे कात्रीच बंदुकीसारखी चालवतो. सुरुवात हाक्याने होते: पांढऱ्या डगल्यातले हाकारे ओळीने झाडांच्या बुंध्यांवर काठ्या आपटत पुढे सरकतात, ससे नि रानकोंबड्यांच्या जातीचे फेझंट पक्षी दुसऱ्या टोकाला आडोशामागे उभ्या पाहुण्यांकडे ढकलले जातात. पाहुण्यांना चालावंही लागत नाही. मागे उभा माणूस भरलेली बंदूक हातात देतो. त्यानंतर फेझंट कोणाच्या गोळीने पडला यावर दोन सभ्य गृहस्थांची अतिशय सभ्य हुज्जत.

प्रसंगाच्या शेवटी जनरल मजेत एक किस्सा सांगतो: गेल्या वर्षी एकाने गडबडीत बंदूक हाती घेतली, सगळी गोळी मांडीत गेली आणि वीस मिनिटांत तो गेला. लोक हसतात. हा किस्सा लक्षात ठेवा.

आणि ससेच एवढे का? सोलोन्य म्हणजे ऑर्लेआँच्या दक्षिणेचा तळी नि झाडीचा प्रदेश, शिकारीसाठी प्रसिद्ध. रानससे तिथे पिकं फस्त करत. सुरुवातीला शुमाखर कुंपणाची जाळी मागतो तेव्हा मार्की सांगतो: मला जाळी नको आणि ससेही नकोत, काय ते तुम्ही बघा. मालक कसा हुकूम देतो, याचा एवढा आटोपशीर नमुना आम्हाला दुसरीकडे सापडला नाही.

मार्की मोठं वाजणारं यंत्र दाखवतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडेच कॅमेरा का? — एक वाचक, बेळगाव

ते लिमोनेर पद्धतीचं यंत्रवाद्य, जत्रेत वाजायचं तसं. भोकं पाडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या घड्या आतून सरकतात, भोकाप्रमाणे हवा नळ्यांत जाते आणि सूर निघतो. पुढच्या बाहुल्या त्याच ठेक्यावर घंटा वाजवतात. रोबेरचा छंद अशा यंत्रांचा, कारण ती ठरल्याप्रमाणे वागतात. आता पाहुण्यांसमोर आपलं सर्वांत मोठं खेळणं मांडताना त्याला अभिमान वाटतोय आणि लाजही. दोन्ही एकदम चेहऱ्यावर आणायला दालियोंकडून हा शॉट पुन्हा पुन्हा घेतला गेला. रन्वार यांना आपल्या साऱ्या कामात हा शॉट विशेष प्रिय होता.

त्याआधीचा सांगाड्यांचा नाच पाहताना पियानोवर बसलेल्या जाड बाईंकडे बघा. पियानो आपोआप वाजू लागतो आणि त्या खाली-वर होणाऱ्या पट्ट्यांकडे चकित होऊन पाहत राहतात. त्या क्षणापासून वाड्यात कुणाच्याच हातात काही उरत नाही.

इतका गमतीदार चित्रपट, मग लोकांनी खुर्च्या का आपटल्या? — एक वाचक, मडगाव

रन्वार यांच्या आठवणीनुसार एका प्रेक्षकाने तर वर्तमानपत्र पेटवून थिएटरला आग लावायचा प्रयत्न केला. तारीख पाहिली की उलगडा होतो. म्युनिकचा करार सप्टेंबर १९३८ चा. हिटलरला थोडं दिलं की शांतता टिकेल, असं मानायचं ठरलेलं होतं. जुलै १९३९ मध्ये चित्रपट लागला, ३ सप्टेंबरला फ्रान्स युद्धात उतरला. झाकलेली मूठ सगळा देशच धरून बसला होता. त्यात फ्रेंच सरदार ज्यू नटाने करावा आणि त्याची बायको ऑस्ट्रियन उच्चारात बोलावी, हे उजव्या वर्तमानपत्रांना खुपलं. क्रिस्तीनची भूमिका करणाऱ्या नोरा ग्रेगोर खरोखरच ऑस्ट्रियातून परागंदा झालेल्या प्रिन्स श्टारहेम्बर्ग यांच्या पत्नी होत्या.

आणखी एक कारण आहे, ते आमचं मत समजा. प्रहसनात प्रेक्षकाला हसण्यासाठी एक दुष्ट माणूस लागतो. इथे तो मिळत नाही. ऑक्ताव्ह म्हणतो तसं, या जगात भयंकर गोष्ट ही की प्रत्येकाकडे आपापलं कारण असतं. ज्याच्यावर राग काढावा असं कुणी नसल्यामुळे लोकांनी तो चित्रपटावर काढला. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने मनोधैर्य खचवणारा म्हणून त्यावर बंदीही घातली. पुढची गंमत: ब्रिटिश ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या कौलात १९५२ ते २०१२ प्रत्येक वेळी पहिल्या दहांत राहिलेला हा एकमेव चित्रपट. २०२२ साली मात्र तो तेराव्या जागी गेला.

रन्वार भारतात आले होते ना? — एक वाचक, नागपूर

हो, बंगालमध्ये, हुगळीकाठी, १९५१ साली आलेल्या ‘द रिव्हर’ या रंगीत चित्रपटासाठी. जागा शोधताना तरुण सत्यजित राय त्यांच्याबरोबर हिंडले होते.

आमच्या वाचनालयात दाखवायचा आहे. काय काळजी घ्यावी? — एक वाचनालय, रत्नागिरी जिल्हा

प्रोजेक्टरवर चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा. मूळ चौकट जवळपास तशीच आहे. ‘पडदा भरून’ दाखवलंत तर एकतर माणसं रुंदावतात किंवा वरखाली कापलं जातं, आणि या चित्रपटात पायाशी व दाराच्या चौकटीत बरंच घडतं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, राहू द्या. आवाज एकाच वाहिनीचा आहे, दोन्ही स्पीकर सारखे ठेवा. संगीताला साजेसा जाड आवाज लावलात तर बोलणं घुसमटतं. घरी पाहायच्या डिस्कने जाहीर खेळाची परवानगी मिळत नाही, हक्कधारकाला आधी लिहा.

इंग्रजी सबटायटलवर पाहणाऱ्यांना एक सूचना द्या. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ आणि ‘व्हू’ असा आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा फरक आहे, इंग्रजीत दोन्हींचा ‘यू’ होतो. क्रिस्तीन लिझेतला अगदी मैत्रिणीसारखं विचारत असते, अरेतुरेत. लिझेतच्या तोंडचं ‘मादाम’ काही सुटत नाही. हे कानांनी ऐकायचं, मराठी माणसाला सोपं जातं. वर आठ नावांचा जो कागद सांगितला त्याच्या प्रती वाटा, भाषण मात्र पाच मिनिटांवर नको.

शेवटी नेमकं काय झालं ते कळलं नाही. कोट कुणाचा, टोपी कुणाची? — एक वाचिका, डोंबिवली

ज्यांनी अजून पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं.

गोंधळ दोन कपड्यांचा आहे. पहिला, डोक्यावरून घ्यायची टोपी असलेला लिझेतचा झगा. शुमाखरने तो तिला हौसेने आणलेला. ती मात्र तो फारसा आवडल्याचं दाखवत नाही. रात्री थंडी म्हणून लिझेत तो क्रिस्तीनच्या खांद्यावर टाकते. नोकरीवरून हाकलले गेलेले शुमाखर आणि मार्सो (दोघे आता एकमेकांच्या गळ्यात पडलेत) झाडाआडून पाहतात. झगा पाहून शुमाखरला वाटतं, लिझेतच ऑक्ताव्हबरोबर आहे. तो बंदूक आणायला जातो.

दुसरा, ऑक्ताव्हचा कोट. क्रिस्तीनबरोबर पळून जायचं ठरवून ऑक्ताव्ह कोट घ्यायला वाड्यात येतो. तिथे लिझेत त्याला सुनावते: तुमचं वय काय, खिशात पैसे किती, मादामला कसं सांभाळणार? वर्गाची भाषा मालकाने बोललेली नाही, दासीने बोललेली आहे, हे ध्यानात घ्या. ऑक्ताव्ह आरशात पाहतो, खचतो, आणि आंद्रेला आपला कोट घालून काचघराकडे पाठवतो. गोळी आंद्रेला लागते. मार्सोचं वर्णन आठवा: तो सशासारखा गडगडला.

मग रोबेर पायऱ्यांवर येऊन पाहुण्यांना सांगतो की राखणदाराला चोर दिसल्यासारखं वाटलं, त्याने कर्तव्य म्हणून गोळी झाडली, हा एक दुर्दैवी अपघात. शुमाखरला नोकरी परत मिळते, ते वेगळं सांगावं लागत नाही. सेंतोबँ पुटपुटतो, ‘अपघात’ शब्दाची ही नवी व्याख्या दिसते. त्यावर जनरल, तोच किस्सा सांगणारा, त्याला गप्प करतो: नाही, नाही, या ला शेनेकडे खानदानीपणा आहे, असे लोक आता दुर्मिळ. पाहुणे आत जातात आणि वाड्याच्या भिंतीवरून त्यांच्या सावल्या सरकत राहतात.